वातावरण आपणच घडवायचे असते

(विहाराच्या वर्धापनदिनी रिद्धपूर येथे दिलेले भाषण)



 

विहार समितीने आम्हाला बोलायला सांगितले. आम्ही काही प्राध्यापक नाही. गिरणी कामगार माणूस. शाळा लवकर सुटली, पुढचे शिक्षण रात्रपाळी संपल्यावर वाचनालयात झाले. तेव्हा आमच्याकडून मोठ्या व्याख्यानाची अपेक्षा करू नका. आम्हाला जे कळते त्यातूनच विषय निवडला आहे. विषय आहे वातावरण. पावसापाण्याचे नव्हे. शहरात, गावात, एखाद्या चौकात, इमारतीत पाय ठेवला की मनाला जे जाणवते ते वातावरण. काही ठिकाणी गेले की छाती भरून येते. काही ठिकाणी गेले की पाय दारातच अडखळतो. कोणी काही बोललेले नसते, तरी अडखळतो. असे का होते, आणि ते बदलता येते काय, एवढेच आज सांगायचे आहे.

गिरणीने शिकवलेला धडा

आधी आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. गिरणीत हवा ही फुकटची वस्तू नाही. ती तयार करावी लागते. हवा कोरडी पडली की सूत तटातटा तुटते. म्हणून लूमखात्यात हवा चांगली ओली ठेवावी लागते, रिंगखात्यात त्याहून कमी. त्यासाठी यंत्रे असतात, पंखे असतात, पाण्याचा फवारा असतो. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. आपल्या विदर्भातला उन्हाळा कसा असतो तो तुम्हाला सांगायला नको. त्या उन्हाळ्यात सूत टिकावे म्हणून जमशेटजी टाटांनी तिथे हवा ओली राखण्याची यंत्रे बसवली होती.

आता बघा, नवा कामगार आला आणि धागा सारखा तुटू लागला तर तो म्हणतो, सूतच खराब आहे. जुना कामगार आधी खात्यातली हवा बघतो. कापूस तोच, पीळ तोच, कांडी तीच; हवा सुधारली की तोच धागा सुरळीत चालतो.

माणसाचेही असेच आहे. आपले एखादे पोरगे वर्गात मागच्या बाकावर बसते, तोंड उघडत नाही. मास्तर म्हणतो, पोरगं मंद आहे. घरचे म्हणतात, याचे लक्षच नाही. अरे, त्या वर्गातली हवा कोणी बघितली काय? तेच पोरगे आपल्या वस्तीत १४ एप्रिलला माईक हातात घेऊन पंधरा मिनिटे भाषण ठोकते. तेव्हा कुठे जातो त्याचा मंदपणा?

पण हवेची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. सुताला मानवणारी हवा माणसाला मानवतेच असे नाही. कापसाची बारीक धूळ छातीत बसते, वर्षानुवर्षे बसली की दमा लागतो. म्हणजे हवा कोणासाठी तयार केली आहे, हा प्रश्न नेहमी विचारला पाहिजे. मालासाठी की माणसासाठी? आणि माणसासाठी असेल तर कोणत्या माणसासाठी?

शहरात गेलो म्हणजे सुटलो काय?

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याबद्दल रोखठोक मत मांडले. खेडे म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे डबके आहे, असा त्यांचा आशय होता. पुष्कळांना ते झोंबले. पण ज्यांनी गावकुसाबाहेर जन्म काढला त्यांना त्यात नवल वाटले नाही. खेड्यात तुमची जात तुमच्या घराच्या जागेवरूनच कळते. वस्ती कोणत्या दिशेला, वारा कुणाच्या घरावरून कुणाच्या घराकडे वाहतो, पाणवठा कोणाचा, हे सगळे आधीच ठरलेले. म्हणून आपले बापजादे नागपूरला गेले, मुंबईला गेले, अकोल्याला गेले. शहरात कोणी ओळखत नाही, हीच शहराची मोठी कमाई.

पण बंधूंनो, शहरात गेले म्हणजे हवा आपोआप मोकळी मिळते असे नाही. बाबासाहेबांचाच अनुभव बघा. १९१३ साली ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनला गेले. त्या देशांत राहून आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. तीच जाणीव १९१७ साली बडोद्याच्या स्टेशनावर उतरताच पुन्हा उभी राहिली, कारण राहायला जागा कोणी देईना. एका पारशी सरायीत त्यांनी पारशी नाव सांगून आसरा घेतला. माडीवर खोली, शेजारी मोठे दालन. दालनात मोडके बाक, मोडक्या खुर्च्या, फळ्या. वटवाघळे फडफडत. दिवे नाहीत, फक्त एक लहानसा कंदील. बोलायला माणूस नाही. जगातल्या मोठ्या विद्यापीठात शिकून आलेला हा विद्वान त्या अंधारात पुस्तक धरून बसे. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी आले आणि त्यांनी जागा सोडायला लावली.

मग ते एका सार्वजनिक बागेत जाऊन बसले. रात्रीच्या मुंबईच्या गाडीला वेळ होता. कामाठीबाग तिचे नाव, आज तिला सयाजीबाग म्हणतात. बाग सुंदर होती. झाडे होती, सावली होती, बाके होती. पण त्या बागेत बसून त्या महामानवाच्या डोळ्यांत पाणी आले. याचा अर्थ काय? जागा सुंदर असून भागत नाही. चारी बाजूंच्या शहराने तुम्हाला दार लावलेले असेल तर बागेतली फुलेही बोचतात.

आणि आता त्याच बागेची दुसरी गोष्ट ऐका. ती जागा आज आपले लोक संकल्पभूमी म्हणून ओळखतात. दरवर्षी २३ सप्टेंबरला तिथे लांबून लोक येतात, वंदना घेतात, पोरांना झाड दाखवून इतिहास सांगतात. बाग तीच. जिथे एकटा माणूस रडला तिथे आज हजारो लोक ताठ मानेने उभे राहतात. मग वातावरण कोणी बदलले? माळ्याने काय?

मुंबईचे बघा. तिथल्या कापड गिरण्यांत आपले लोक होते, पण लूमखात्यात त्यांना घेत नसत. का? तर धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून काढावा लागे. एकाचे तोंड लागलेल्या धोट्याला दुसऱ्याचे तोंड लागले तर विटाळ! आणि विणकामात पगार जास्त. म्हणजे विटाळ धोट्याला आणि फटका आपल्या पोटाला. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठणकावून मांडला. कामगार सारे एक म्हणायचे, आणि खात्याच्या दारावर जात बघायची, हे कसे चालेल? शहर होते, वीज होती, आगगाडी होती, लाल बावटा होता. हवा मात्र गावाचीच होती.

जागा बदलतात, माणसांनी बदलल्या तर

आपल्या अमरावतीला चला. परकोटाचे गाव. अंबागेट, जवाहरगेट, नागपुरी गेट ही नावे आपण रोज घेतो. वेशी होत्या म्हणजे आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवणारे लोकही होते. अंबादेवीच्या मंदिरात आपल्याला मज्जाव होता. त्यासाठी सत्याग्रहाची तयारी झाली. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली, अध्यक्ष स्वतः बाबासाहेब. त्याच परिषदेच्या वेळी त्यांचे थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची बातमी आली. घरात असे दुःख आणि माणूस समाजाच्या कामाला उभा. डॉ. पंजाबराव देशमुखांनी या लढ्याला साथ दिली. पुढे ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या.

आज आम्ही अमरावतीला उतरलो की इर्विन चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी घटकाभर थांबतो. १४ एप्रिलच्या आदल्या रात्री तिथे उभे राहून बघा. खेड्यापाड्यातून आलेली म्हातारी माणसे, कडेवर लेकरे, पांढऱ्या साड्यांतल्या माय-बहिणी. रस्ता तोच, गाड्यांचा धूर तोच. पण त्या रात्री त्या चौकात कोणतीही बाई रात्री बारा वाजता निर्धास्त चालते. अकोल्याला अशोक वाटिकेत हाच अनुभव येतो. नागपूरला तर विचारूच नका. व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळची ती मोकळी जमीन. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथे लाखो लोक उभे राहिले आणि ती दीक्षाभूमी झाली. स्तूप तर पुष्कळ पुढे, २००१ साली पुरा होऊन लोकार्पण झाला. म्हणजे पंचेचाळीस वर्षे त्या जागेचे वातावरण दगडा-सिमेंटावर उभे नव्हते, ते माणसांच्या येण्यावर उभे होते. हे समितीच्या लोकांनी विशेष ध्यानात घ्यावे.

उलटेही होते. एम्प्रेस मिल २००२ साली कायमची बंद झाली. त्या जागेवर आता मोठा मॉल आहे. मुंबईला फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे. काचेचे दार, आत थंड हवा, गुळगुळीत फरशी, दारावर गणवेशातला गार्ड. ज्या माणसाने त्याच जमिनीवर तीस वर्षे पाळी केली तो आज त्या दाराशी चपलांकडे बघतो. कोणी अडवत नाही त्याला. पाटी नाही. तिकीट नाही. पण तो म्हणतो, "आपलं काय काम तिकडं?" पूर्वी हाकलायला माणूस लागत असे. आता नुसती फरशी पुरते. हे नवे युग आहे, आणि आपल्या पोरांना ते समजावून सांगितले पाहिजे.

आपले रिद्धपूर

आता आपल्या गावाकडे येऊ. रिद्धपूर आज लहान दिसते, पण तेराव्या शतकात हे नांदते गाव होते. गोविंदप्रभू इथे राहिले. म्हाइंभटांनी वाजेश्वरीला लीळाचरित्र सिद्ध केले, हे मराठी शिकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. आपण बौद्ध आहोत, आपला मार्ग वेगळा. पण आपल्या गावात काय झाले ते जाणून घेण्यात काही बिघडत नाही. गोविंदप्रभू गावात कोणाच्याही घरात शिरत, मांगा-महारांच्या घरीही जात, त्यांच्याकडचे अन्न खात, अशा आठवणी त्यांच्या चरित्रात आहेत. मातंगांना पाणी मिळावे म्हणून विहिरीची आठवणही त्यात आहे. लोक त्यांना वेडा म्हणत. सातशे वर्षांपूर्वी या गल्ल्यांतून एक माणूस आडकाठी न मानता फिरला.

मग आम्ही विचारतो, त्याच गावात त्यानंतर सातशे वर्षे आपली वस्ती बाहेर का राहिली? उत्तर साधे आहे. एक माणूस फिरला म्हणून हवा बदलली, तो गेला आणि खिडक्या पुन्हा लागल्या. महानुभावांनी त्यांची स्थाने मात्र जपली. कोणत्या जागी काय घडले याची नोंद ठेवणारी स्थानपोथी त्यांनी लिहिली. ओटा बांधला, डोके टेकले, पिढ्यान्पिढ्या सांगत राहिले. पण ओटा जपणे आणि वागणूक जपणे यांत फरक आहे. हा इशारा दुसऱ्यांसाठी नाही, आपल्यासाठी आहे. आपणही पुतळे जपतो. वागणूक जपतो काय?

आज रिद्धपूर पुन्हा बदलते आहे. मराठी भाषा विद्यापीठ आपल्या गावात आले आहे. २०२४ साली पहिले कुलगुरू नेमले गेले आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. बाहेरगावची पोरे-पोरी येतील, खोल्या भाड्याने जातील, हॉटेले निघतील, जमिनीचे भाव चढतील. गावाचे शहर व्हायला अशीच सुरुवात होते. आमचा सवाल एकच आहे. आपल्या वस्तीतले किती जण त्या दारातून आत जाणार? शिकायला म्हणतो आम्ही, झाडू मारायला आणि चहा न्यायला नव्हे.

वस्तीतली एक आजी परवा आम्हाला म्हणाली, "बाप्पा, आपल्याले काय समजते त्या विद्यापीठातलं? आपली भाषा गावंढळ." आम्ही म्हटले, आजी, लीळाचरित्रात जी भाषा आहे ना, तिच्यातले कितीतरी बोल तुमच्याच तोंडात जिवंत आहेत. शिकलेल्या लोकांना त्यासाठी शब्दकोश उघडावा लागतो. तिला खरे वाटेना. तिला खरे वाटत नाही, हेच ते वातावरण, जे आपल्याला बदलायचे आहे.

दारावरच्या नावानेही फरक पडतो, हे विसरू नका. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव २७ जुलै १९७८ ला झाला आणि आपल्या लोकांची घरे जळाली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत सोळा वर्षे लढावे लागले. लोक म्हणत, नुसत्या नावासाठी एवढे काय? ज्याला त्या कमानीखालून मान खाली घालून जावे लागले नाही त्याला ते कळणार नाही.

विहार कसा असावा

भगवान बुद्धांच्या काळात अनाथपिंडिक नावाचा श्रेष्ठी होता. श्रावस्तीत भिक्खू संघासाठी जागा शोधत तो फिरला. त्याने जागेची पारख कशी केली ते विनयपिटकात आले आहे. जागा नगरापासून फार लांब नको, फार जवळ नको. लोकांना जायला-यायला सोपी हवी. दिवसा गजबज नको, रात्री गोंगाट नको. अशी जागा जेत राजकुमाराच्या उद्यानात मिळाली आणि जमिनीवर सोन्याची नाणी अंथरून त्याने ती विकत घेतली, असे सांगतात. आपण नाण्यांचीच गोष्ट सांगतो. आम्हाला पारख जास्त महत्त्वाची वाटते. अडीच हजार वर्षांपूर्वी शांतता, जाण्या-येण्याची सोय, माणसांचा वावर या सगळ्याचा विचार केला गेला.

बाबासाहेबांनीही तेच केले. १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढले, त्याला मिलिंद नाव दिले, परिसराला नागसेनवन म्हटले. ओसाड माळावर झाडे लावून घेतली. खेड्यातून, झोपडीतून आलेल्या पोराला पहिल्या दिवशी सावली मिळावी, नावातच आपला इतिहास दिसावा. स्वतः ते परळच्या चाळीत दोन खोल्यांत राहिले, अभ्यासाला जागा नसणे म्हणजे काय ते त्यांना पक्के माहीत होते.

आता समितीत जो विषय चालू आहे त्यावर आम्ही स्पष्ट बोलतो. कोणी राग मानू नये. विहाराची समोरची जागा दुकानाच्या गाळ्यांसाठी भाड्याने द्यावी असे काहींचे म्हणणे आहे. विद्यापीठ आले, भाडे चांगले येईल, विहाराला उत्पन्न होईल. हिशेब बरोबर आहे. पण समोर चार गाळे उभे राहिले, एक पानठेला झाला, एकात मोबाईलची गाणी लागली, तर संध्याकाळी आपल्या पोरी विहारात येतील काय? त्या गाळ्यांपुढच्या घोळक्यातून वाट काढत येतील? नाही येणार. आणि त्या आल्या नाहीत तर भाड्याच्या पैशातून आणलेली संगमरवरी मूर्ती कोणासाठी?

दुसरे, विहाराला कुलूप असते. जयंती, पौर्णिमा, वर्षावास, परिनिर्वाण दिन एवढेच दिवस ते उघडते. सामान चोरीला जाईल ही भीती आम्हाला समजते. पण कुलूप बघत वाढलेले पोर विहाराला गोदाम समजेल.

म्हणून आमच्या चार मागण्या आहेत. पहिली, समोरच्या जागेत गाळे न काढता अभ्यासिका काढावी. टिनाचे छत चालेल, पण उजेड चांगला पाहिजे आणि पंखा पाहिजे. दुसरी, पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत दार उघडे राहावे. किल्ली तरुणांच्या हाती द्या, पाळ्या लावा. गिरणी तीन पाळ्यांत चालते, विहार दोन पाळ्यांत चालायला काय हरकत? आम्ही स्वतः रात्रीची पाळी घेऊ. तिसरी, पिण्याचे पाणी आणि बायांसाठी स्वच्छ संडास-बाथरूम. ते नसले तर माय-बहिणी तासभरही थांबू शकत नाहीत. चौथी, भोंगा. वंदनेपुरता लावा, मग बंद करा. परीक्षेच्या दिवसांत मुळीच नको.

आणि हे दार फक्त आपल्याच पोरांना उघडे नको. बाहेरून आलेले विद्यार्थी, मग ते कोणत्याही जातीचे असोत, त्यांनाही बसू द्या. आपल्याला ज्या दारांनी अडवले तसले दार आपण करायचे नाही.

हे चार खर्च फार मोठे नाहीत. वर्गणीतून होतील. लाकडाची बाके आम्ही गिरणीतले चार सहकारी मिळून देतो, हा शब्द या सभेत देऊन ठेवतो. बाकीचे तुम्ही ठरवा. आजच सभा संपल्यावर समितीने बसावे आणि गाळ्यांचा निर्णय करूनच उठावे, अशी हात जोडून विनंती आहे.

बंधू-भगिनींनो, धागा तुटला की सांधावा लागतो, ते काम आपण पिढ्यान्पिढ्या केले. आता हवा तयार करायची वेळ आली आहे. विद्यापीठाच्या दारात आपले पोर अडखळू नये, यासाठी त्याला आधी या विहाराच्या दारात मोकळे वाटले पाहिजे. इथे बसून ज्याने वर्षभर अभ्यास केला, वाद घातला, प्रश्न विचारले, ते तिथेही मान वर करून जाईल.



जय भीम! नमो बुद्धाय!